निर्दोष ठरले, पण गेलेली वर्षं कोण देणार? चुकीच्या शिक्षा, कायदा आणि कुटुंबांनी माहीत ठेवायच्या गोष्टी

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठानं ७/११ लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व १२ जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना फाशी झाली होती, सात जणांना जन्मठेप. निकाल आला तेव्हा त्यांच्या अटकेला जवळजवळ १९ वर्षं होत आली होती. बारांपैकी एक जण हा निकाल ऐकायला हयातच नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असताना कोरोनानं त्याचा मृत्यू झाला. तो मेला तेव्हा सरकारी कागदावर फाशीचा कैदी होता. चार वर्षांनी त्याच कागदावर तो निर्दोष ठरला.

या निकालानंतर आपल्या मोहल्ल्यांत, घरांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात आहेत. असं कसं होतं? आणि गेलेल्या वर्षांचं काय? या लेखात दोन्ही प्रश्नांची उत्तरं कायदा आणि प्रत्यक्ष निकाल यांच्या आधारे दिली आहेत. शेवटी, घरातल्या कुणाला अटक झाली तर काय करावं आणि सुटका झाल्यावर कोणती मुदत चुकवू नये, हेही दिलं आहे.

आधी शब्द समजून घेऊ

बातम्यांत 'सुटका' हा एकच शब्द वापरला जातो. कायद्यात मात्र त्याचे अर्थ वेगवेगळे आहेत.

जामीन म्हणजे खटला चालू असताना तात्पुरतं बाहेर येणं. आरोप कायम असतात.

आरोपमुक्ती म्हणजे खटला सुरू होण्याआधीच कोर्टानं सांगणं की या माणसावर आरोप ठेवण्याइतकाही पुरावा नाही.

निर्दोष मुक्तता म्हणजे खटला पूर्ण चालला, पुरावे तपासले गेले आणि गुन्हा सिद्ध झाला नाही. हा निर्णय खालच्या कोर्टात होऊ शकतो किंवा अपिलात हायकोर्ट, सुप्रीम कोर्टात.

चुकीची शिक्षा म्हणजे खालच्या कोर्टानं दोषी ठरवलं, माणूस शिक्षा भोगत राहिला आणि वरच्या कोर्टात ती शिक्षा टिकली नाही. जे वर्षानुवर्षं कच्चे कैदी म्हणून आत राहतात आणि शेवटी पहिल्याच कोर्टात निर्दोष सुटतात, त्यांना 'शिक्षा' कधी झालेलीच नसते. भोगलेली वर्षं मात्र तितकीच खरी असतात. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते.

७/११ : खटला कुठे कोसळला

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतरानं सात स्फोट झाले. १८० हून अधिक लोक गेले, ८०० हून अधिक जखमी झाले. एटीएसनं १३ जणांना अटक केली आणि मोक्का लावला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये विशेष कोर्टानं १२ जणांना दोषी ठरवलं. तेराव्या आरोपीला, विक्रोळीच्या अब्दुल वाहिद शेख या शिक्षकाला, नऊ वर्षांनंतर निर्दोष सोडलं.

हायकोर्टानं पुरावे एकेक करून तपासले. तीन गोष्टी खास समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट कबुलीजबाबांची. साध्या खटल्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. मोक्काच्या कलम १८ नं मात्र एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली आहे. आरोपींनी मारहाण करून सह्या घेतल्याचं सांगत हे जबाब नाकारले होते. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांत मजकूर जसाच्या तसा सारखा असल्याचं हायकोर्टाला दिसलं. छळाच्या तक्रारीकडेही दुर्लक्ष करता येत नाही, असं ठरलं.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. ज्या टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखल्याचं सांगितलं, ते स्फोटानंतर शंभराहून जास्त दिवस गप्प होते. एकदा पाहिलेला प्रवासी इतक्या दिवसांनी आठवतो कसा, याचं पटेल असं कारण पुढे आलं नाही. ओळख परेडही अधिकार नसलेल्या माणसानं घेतली होती.

तिसरी गोष्ट जप्तीची. स्फोटकं, सर्किट, कुकर सापडल्याचे पंचनामे होते, पण त्या वस्तू नीट सीलबंद ठेवल्याचा भरवसा वाटेल असा पुरावा नव्हता. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही. म्हणजे अपिलाचं दार उघडं ठेवलं गेलं.

आणि दुसरं. त्या लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळालेला नाही. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो. निर्दोषांचं कुटुंब आणि मृतांचं कुटुंब यांची बाजू एकमेकांविरुद्ध नसते. नीट तपास झाला असता तर दोघांचाही फायदा झाला असता.

मालेगाव २००६ : ज्यांची माणसं गेली, त्यांच्यातलेच आरोपी

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरात. मालेगावच्या बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक लोक गेले, बहुतेक सगळे मुस्लिम. अटक झाली ती नऊ मुस्लिम तरुणांना.

एका आरोपीनं बॉम्ब ठेवल्याचा आरोप होता. तो त्या दिवशी मालेगावपासून कित्येक मैल दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता, असं गावकऱ्यांनी सांगितलं. दुसरा आरोपी तर स्फोटाच्या आधीपासूनच पोलिसांच्या ताब्यात होता. तरीही खटला उभा राहिला. तपास एटीएसकडून सीबीआयकडे गेला, मग एनआयएकडे. स्वामी असीमानंद यांच्या कबुलीजबाबानंतर तपासाची दिशाच बदलली. नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन झाला. सात जण बाहेर आले, दोघं ७/११ मध्येही आरोपी असल्यानं आतच राहिले.

२५ एप्रिल २०१६ रोजी विशेष कोर्टानं सगळ्यांना आरोपमुक्त केलं. त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं कोर्टानं नोंदवलं. कोर्टाचा तर्क साधा होता. मुस्लिमांनी शब-ए-बरातच्या दिवशी आपल्याच माणसांना का मारावं? दंगल पेटवायची असती तर काही दिवस आधीच गणपती विसर्जन होऊन गेलं होतं. हा प्रश्न २००६ मध्ये मालेगावचा रिक्षावालाही विचारत होता. कोर्टाच्या कागदावर यायला त्याला साडेनऊ वर्षं लागली. नऊ जणांपैकी एक तोपर्यंत वारला होता.

अक्षरधाम आणि गुलबर्गा

२४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला. सुमारे वर्षभरानं सहा जणांना पोटाखाली पकडलं. तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि २०१० मध्ये गुजरात हायकोर्टानं ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्लेखोरांच्या खिशात सापडल्याचं सांगितलेल्या चिठ्ठ्या हा मोठा पुरावा होता. हल्लेखोरांची शरीरं गोळ्यांनी चाळण झाली होती आणि चिठ्ठ्या मात्र जवळजवळ स्वच्छ होत्या. सुटलेल्यांनी पुढे भरपाई मागितली. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती नाकारली. अशी भरपाई दिली तर चुकीचा पायंडा पडेल, अशी कोर्टाची भूमिका होती.

गुलबर्ग्याचा एक तरुण फार्मसी शिकत होता. डिसेंबर १९९३ च्या रेल्वे स्फोटांच्या प्रकरणात त्याला जानेवारी १९९४ मध्ये उचललं. टाडाखाली जन्मठेप झाली. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं तेव्हा २३ वर्षांमधलं जवळजवळ सगळं तारुण्य तुरुंगात गेलं होतं.

हा फक्त आपलाच प्रश्न नाही

दहशतवादाच्या खटल्यांत मुस्लिम नावं जास्त दिसतात, हे खरं. पण चुकीच्या शिक्षेचा फटका गरीब, भटके, आदिवासी, दलित या सगळ्यांनाच बसतो. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. २००३ च्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा गरीब माणसांना पकडलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांची फाशी पक्की केली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कारण काय? प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि ही गोष्ट दाबली गेली होती. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टानं राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचाही आदेश दिला.

व्हीलचेअरवरचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना २०१७ मध्ये गडचिरोलीच्या कोर्टानं जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठानं मार्च २०२४ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं. स्वातंत्र्य मिळालं ते सात महिन्यांसाठी.

भरपाईचा कायदा आहे का?

थोडक्यात उत्तर : वेगळा कायदा नाही. आज जे मार्ग आहेत ते असे.

*घटनात्मक मार्ग.* कलम २२६ खाली हायकोर्टात किंवा कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात जाता येतं. याची सुरुवात १९८३ च्या रुदुल साह प्रकरणात झाली. बिहारचा हा माणूस निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात पडून होता. कोर्टानं एकूण ३५ हजार रुपये द्यायला लावले. रक्कम छोटी, पण जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क मोडला तर सरकारला पैसे मोजावे लागतील, हे तत्त्व तिथे ठरलं. २०१८ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सुप्रीम कोर्टानं ५० लाख रुपये देवविले. पण हे कोर्टाच्या मर्जीवर आहे. एकाला ५० लाख, दुसऱ्याला ५ लाख, अक्षरधामवाल्यांना शून्य. ठरलेलं माप नाही.

*दिवाणी दावा.* खोट्या हेतूनं खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते. खटला भरायला सबळ कारण नव्हतं आणि भरणाऱ्याच्या मनात खोट होती, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. 'पुरावा पुरला नाही' एवढ्यानं भागत नाही. मुदत फक्त एक वर्षाची आहे, निर्दोष सुटल्यापासून.

*मानवाधिकार आयोग.* दिल्लीच्या मोहम्मद आमीर खान यांनी सुमारे १४ वर्षं तुरुंगात काढली आणि २०१२ मध्ये ते बाहेर आले. आयोगाच्या शिफारशीनंतर त्यांना ५ लाख रुपये मिळाले. अब्दुल वाहिद शेख यांनीही २०२५ मध्ये आयोगाकडे ९ कोटींची मागणी केली. आयोग शिफारस करतो, सक्ती करू शकत नाही. आणि घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर आयोग साधारणपणे तक्रार घेत नाही.

*फौजदारी संहितेतली तरतूद.* विनाकारण अटक करवल्याबद्दल मॅजिस्ट्रेट भरपाई देऊ शकतो. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्ये आहे. कमाल रक्कम किती? एक हजार रुपये.

कायदा आयोगानं ३० ऑगस्ट २०१८ रोजी आपल्या २७७ व्या अहवालात हाच दोष दाखवला होता. खोट्या हेतूनं भरलेल्या खटल्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कोर्ट असावं, पैशाबरोबर समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण यांचीही मदत मिळावी, असं आयोगानं सुचवलं. २०२४ मध्ये नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या, पण ही शिफारस त्यात आली नाही. जर्मनीत चुकून भोगलेल्या प्रत्येक दिवसाला ७५ युरो मिळतात, आर्थिक नुकसानाची भरपाई वेगळी. आपल्याकडे दिवसाचा दर शून्यापासून सुरू होतो.

घरात अटक झाली तर

वरच्या सगळ्या खटल्यांतून एक गोष्ट दिसते. खटला अनेकदा पहिल्या काही दिवसांत बिघडतो आणि दुरुस्त व्हायला वीस वर्षं लागतात. म्हणून पहिले दिवस महत्त्वाचे.

१. वेळ लिहून ठेवा. कुठून, किती वाजता, कोण घेऊन गेलं, कोणी पाहिलं. कागदावर अटक दोन दिवसांनी दाखवली गेली तर हीच नोंद कामाला येते. अटकेची नोंद दाखवत नसतील तर त्याच दिवशी पोलीस आयुक्त किंवा एसपी आणि मॅजिस्ट्रेट यांना ईमेल व स्पीड पोस्ट पाठवा आणि पावती जपा.

२. अटकेची कारणं लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी ती हातात पडावीत.

३. २४ तासांत मॅजिस्ट्रेट. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टात हजर करणं बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर ती पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटला तोंडी सांगावी आणि वैद्यकीय तपासणी मागावी. 'नंतर सांगू' म्हटलं तर नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.

४. कोऱ्या कागदावर सही नको. घरच्यांनीही नाही, पंच म्हणूनही नाही. वाचता येत नसेल अशा भाषेतल्या कागदावरही नाही.

५. तो कुठे होता याचे पुरावे लगेच गोळा करा. दुकानाचा सीसीटीव्ही काही दिवसांतच पुसला जातो. कामावरची हजेरी, तिकीट, टोलची पावती, दवाखान्याचा कागद, मशिदीतले साक्षीदार. मोबाइल कंपन्या कॉल रेकॉर्ड ठरावीक काळच ठेवतात, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज वकिलामार्फत लवकर द्या. पोलीस स्टेशनमधल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किमान एक वर्ष ठेवावं, असा २०२० चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. तेही मागता येतं.

६. वकिलाला पैसे नसतील तर. तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. जमियत उलेमाच्या कायदेशीर मदत विभागानं महाराष्ट्रात दहशतवादाच्या आरोपांचे अनेक खटले लढवले आहेत.

७. चार्जशीटची तारीख मोजा. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, आणि मोक्का व यूएपीएमध्ये कोर्टानं मुदत वाढवली तर १८० दिवसांत चार्जशीट आली नाही, तर जामीन हा हक्क असतो. पण अर्ज चार्जशीट येण्याआधी द्यावा लागतो. एक दिवस चुकला तर हक्क गेला.

८. एक फाइल घरात ठेवा. एफआयआर, रिमांडचे अर्ज, प्रत्येक आदेशाची प्रत तारखेप्रमाणे लावा. ७/११ मधल्या एका आरोपीनं तुरुंगात बसून माहिती अधिकाराचे ढीगभर अर्ज केले आणि सरकारी कागदच बचावासाठी मिळवले. कागद नसेल तर चांगला वकीलही लंगडा पडतो.

सुटका झाल्यावर

निकालाच्या प्रमाणित प्रती लगेच काढून ठेवा, चार-पाच तरी. पासपोर्ट, पोलीस पडताळणी, नोकरी, घर भाड्यानं घेणं, प्रत्येक ठिकाणी त्या लागतील. जप्त केलेला मोबाइल, कागदपत्रं, पैसे परत मिळवायला कोर्टात अर्ज करा. भरपाईसाठी वकिलाचा सल्ला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घ्या. दिवाणी दाव्यालाही एकच वर्ष आहे आणि सुटून आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष झोप, आजारपण आणि नातेवाईक यांतच निघून जातं.

बाकीचं काम समाजाचं आहे. बाहेर आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हार मिळतात, दुसऱ्या महिन्यात कोणी काम देत नाही. मुलं त्याला ओळखत नाहीत, आई-वडील अनेकदा हयात नसतात. ज्या काळात स्मार्टफोन नव्हता त्या काळातून तो आलेला असतो. जमातीनं, ट्रस्टनं, दुकानदारांनी अशा एका माणसाला रोजगार दिला, त्याच्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, तर ते एका जाहीर सत्कारापेक्षा मोठं काम आहे. आणि खटला चालू असताना त्या घरात जाणं-येणं बंद करू नये. शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं की बायको-मुलांची शिक्षा कोर्टाआधीच सुरू होते.

भरपाईचा कायदा करा, ही मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवताना कायदा आयोगाच्या २७७ व्या अहवालाचा उल्लेख करा. तो सरकारच्याच आयोगाचा आहे आणि २०१८ पासून तसाच पडून आहे.